माती ओळखा, मग टायर घ्या: क्ले ट्रॅकवरच्या आरसी गाड्यांसाठी

नवीन आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी घेतलेला माणूस आधी मोटरचं विचारतो, मग बॅटरीचं. टायरचा विषय निघतो तो गाडी पहिल्याच वळणावर गरकन फिरून कुंपणात घुसल्यावर. मातीच्या ट्रॅकवर पळवायचं असेल तर हा क्रम उलटा करा. मोटरची ताकद जमिनीला लागते ती टायरमधूनच, आणि टायर सुटत असेल तर शॉक, स्प्रिंग, डिफ (डिफरन्शियल) यांत कितीही डोकं घातलं तरी हाताला काही लागत नाही.

मी सांगलीजवळ बुधगावला राहते. माती तपासायचं काम करते. तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षाच्या नि उसाच्या रानांतले नमुने रोज हाताखालून जातात. भावाच्या मळ्यात एक पडीक तुकडा होता, त्यावर आम्ही काही जणांनी मिळून ट्रॅक केला. तिथं मी १/१० स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणारी) बग्गी पळवते. त्यामुळं टायरकडं मी मातीच्या बाजूनं बघते, आणि मला खात्री आहे की हीच बाजू बरोबर आहे. एकच टायर सकाळी अप्रतिम आणि दुपारी निरुपयोगी ठरतो. टायर तोच असतो, जमीन बदललेली असते.

दिवाळीच्या सुट्टीत पलूसकडचा एक पोरगा शॉर्ट कोर्स ट्रक (शर्यतीच्या पिकअप ट्रकसारखी आरसी गाडी) घेऊन आला. टायर गाडीसोबत आलेलेच.

"ताई, टायर कुठलं घेऊ? मोबाईलवर बघितलं तर पन्नास प्रकार दिसत्यात."

"टायर राहू दे. आधी चप्पल काढ आणि ट्रॅकवरनं एक चक्कर मारून ये."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय, पण गेला. आल्यावर म्हणाला, "त्या चिंचेखाली गार लागतंय, बाकीकडं तापलंय. आणि मोठ्या उडीच्या पुढं पायाला सगळी पावडर लागली की."

टायर निवडायला जी माहिती लागते तिच्यातली निम्मी त्याच्या तळपायानं आणली होती. ओल कुठं आहे, ऊन कुठं आहे, फुफाटा कुठं साचलाय. उरलेली निम्मी हातानं मिळते.

आपल्या भागातली माती

क्ले, म्हणजे चिकणमातीच्या ट्रॅकवर परदेशात जे लिहिलं जातं ते बहुतेक बंदिस्त, छताखालच्या, रोज ठरावीक पाणी मारलेल्या ट्रॅकवरचं असतं. आपला ट्रॅक उघड्यावर, आणि माती आपली. म्हणून आधी ती समजून घेऊ.

कृष्णाकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. तिच्यातलं स्मेक्टाइट गटातलं खनिज हे करतं. नुसत्या काळ्या मातीचा ट्रॅक केला तर मे महिन्यात बग्गीचं पुढचं चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाच्या एका सरीनंतर तीच माती टायरच्या पिनांमध्ये, म्हणजे वरच्या रबरी खुंट्यांमध्ये, भरून टायर गुळगुळीत गोळा होतो. साताऱ्याच्या पश्चिमेकडं, महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला जांभ्याची लाल माती आहे. ती फारशी फुगत नाही, भेगाही कमी. पण वाळल्यावर वर बारीक पूड सुटते आणि ती बसत नाही. माण-खटावकडं गेलात तर हलकी, मुरमाड जमीन. तिथं टायर खरवडून निघतो.

आम्ही खाली मुरूम अंथरला, वर काळी आणि लाल माती नदीच्या पोयट्याबरोबर कालवून टाकली, पाणी मारत, धुम्मस आणि हातरोलर फिरवत थर बसवले. खळं चोपून करायचे तसंच काम आहे हे, घाई केली की वरचा पापुद्रा सुटतो. तुमच्या ट्रॅकची माती कुणी कुठून आणली ते माहीत नसेल तर एक साधी परीक्षा करा. मूठभर माती भिजवून कणकेसारखी मळा आणि अंगठा नि बोटाच्या मधून पट्टी काढा. पट्टी ५ सेंटिमीटरच्या पुढं गेली तरी तुटली नाही तर चिकणमातीचं प्रमाण भरपूर आहे. अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर ती माती क्ले म्हणण्यासारखी नाही, तिथं ग्रिपची (पकडीची) लाइन, म्हणजे गाड्या फिरून घट्ट झालेला पट्टा, बसायला वेळ लागेल आणि धूळ कायमची राहील. मधे कुठं तुटली तर मिश्र माती, आमच्यासारखी. माती तपासणीत हीच हाताची परीक्षा पहिल्यांदा शिकवतात, आणि टायर निवडायला ती पुरेशी आहे.

जमिनीच्या तीन अवस्था

पहिली, ओल असलेली. आदल्या संध्याकाळी आणि पहाटे पाणी मारलेलं असतं, माती रंगानं गडद दिसते, नख रुततं पण बोटाला चिखल लागत नाही. गाडी इथं जमिनीला धरून चालते.

दुसरी, कडक झालेली आणि लाइन बसलेली. बऱ्याच गाड्या एकाच मार्गानं फिरल्या की धूळ बाजूला सरते, माती घट्ट दाबली जाते आणि टायरचं रबर तिच्यावर घासून बसतं. वळणावळणानं एक काळपट-निळसर चकचकीत पट्टा दिसायला लागतो. याला सगळीकडं ब्लू ग्रूव्ह म्हणतात. नख रुतत नाही. बुटाचा तळवा जोरात घासला तर चर्र आवाज येतो. हा आवाज ऐकायची सवय लावा. आवाज आला म्हणजे रबर धरतंय. बूट नुसताच सरकला तर वर धुळीचा थर आहे.

तिसरी, फुफाट्याची. हाताचा पंजा जमिनीवरून फिरवला की पंजा पिवळा-तांबडा होतो आणि खाली बोटांच्या रेघा उमटतात. रेघ किती खोल आहे ते बघा. धुळीचा थर पिनेच्या उंचीपेक्षा कमी असेल तर पिन खालच्या कडक मातीपर्यंत पोचेल. जास्त असेल तर कुठलाच टायर नीट धरणार नाही. झाडू आणि पाणी आणा.

चौथी अवस्था चिखलाची, पण त्यात गाडी चालवू नका. ट्रॅकवर चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळल्यावर दगडासारख्या होतात. मग त्या काढायला सगळ्यांना खपावं लागतं.

आमच्याकडं थंडीत या तीनही अवस्था एकाच दिवसात येतात. सकाळी नऊला ओल, अकरापर्यंत लाइन बसते, दुपारी दोनला लाइनच्या बाहेर फुफाटा. मार्चनंतर ओल तासाभरातच उडते. चिंचेच्या सावलीतलं वळण मात्र दुपारपर्यंत गारच असतं, म्हणजे एकाच फेरीत दोन प्रकारची जमीन. अशा वेळी गाडी जिथं जास्त वेळ गमावते त्या जागेसाठी टायर निवडायचा. बहुतेकदा ती जागा म्हणजे लांब सरळ पट्ट्यानंतरचं वळण असतं.

पिन, ब्लॉक, पट्टे की गुळगुळीत

एकच नियम पाठ करा: जमीन जितकी मोकळी, तितक्या पिना उंच आणि विरळ, जमीन जितकी घट्ट, तितक्या पिना बुटक्या आणि दाट.

फुफाट्यात पिनेचं काम धूळ बाजूला सारून खालच्या मातीत टेकणं. दोन पिनांमधली जागा मोकळी असेल तरच धूळ तिथून निघून जाते. प्रो-लाइन कंपनीचा होल शॉट हा टायर याच कामासाठी प्रसिद्ध आहे, धुळीपासून मध्यम घट्ट मातीपर्यंत तो चालतो, आणि उघड्यावरच्या ट्रॅकवर सुरुवात करायला मी तोच सांगते. ओलसर मातीतही असाच मध्यम उंचीच्या पिनांचा टायर चालतो, फक्त फार दाट नको, नाहीतर माती भरून बसते.

कडक जमिनीवर उंच पिन उलटी काम करते. ती रुतत नाही, मग वळणात वाकते आणि गाडी जेलीवर उभी असल्यासारखी हलते. इथं जमिनीला टेकणारं रबर जास्तीत जास्त हवं. जेकन्सेप्ट्स कंपनीचे बार कोड्स आणि डर्ट वेब्स हे टायर या जमिनीसाठीचे. डर्ट वेब्सवर जाळीसारखी बुटकी नक्षी आहे, लाइन चांगली बसली की तो फार विश्वासानं धरतो. छताखालच्या, कायम दमट ठेवलेल्या, प्रचंड ग्रिपच्या ट्रॅकवर तर पूर्ण गुळगुळीत टायर लावतात. जेकन्सेप्ट्सचा स्मूदी तसला. आपल्या उघड्या ट्रॅकवर स्मूदीला फारसं काम नाही. लाइनवरून वीतभर बाहेर गेलात आणि धुळीत चाक पडलं की गाडी हातातून गेली. शूमाकरचा मिनी पिनही कुणी स्वस्तात देऊ करेल, तो मुळात कार्पेट आणि कृत्रिम हिरवळीवरचा टायर आहे. मातीसाठी घेऊ नका.

पुढच्या चाकांचं गणित वेगळं आहे. टू-व्हील बग्गीत पुढची चाकं ओढत नाहीत, फक्त दिशा देतात. म्हणून त्यांना गोलाकार, चाकाभोवती फिरणारे पट्टे असतात. ते आडव्या दिशेनं घसरू देत नाहीत आणि सरळ रेषेत सहज फिरतात. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकंही ओढतात, तिथं पुढंही पिना किंवा ब्लॉक (रबराचे रुंद ठोकळे) हवेत, साधारण मागच्याच नक्षीचे पण अरुंद. दुकानात पुढच्या टायरवर टू-व्हील की फोर-व्हील लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. रुंदी वेगळी असते.

पुढची आणि मागची ग्रिप एकमेकांशी जुळली पाहिजे. वळणात शेपूट सुटत असेल तर दोन उपाय आहेत, मागं जास्त धरणारा टायर किंवा पुढं कमी धरणारा. नवशिक्यांना मी दुसरा आधी सांगते. पुढं थोडा घासलेला टायर लावला की गाडी लगेच शांत होते आणि माणूस गाडी चालवायला शिकतो. उलट गाडी वळतच नसेल, नाक बाहेर ढकलत असेल, तर पुढचे पट्टे झिजून गोल झालेत का ते पहिल्यांदा बघा.

रबर

नक्षीवर सगळे बोलतात, कारण ती डोळ्यांना दिसते. माझ्या मते कडक क्ले ट्रॅकवर नक्षीपेक्षा रबराची जात जास्त फरक पाडते. मऊ रबर मातीच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात शिरून बसतं, टणक रबर वरच्यावर टेकतं. पण मऊपणा फुकट मिळत नाही. तापलेल्या जमिनीवर अतिमऊ रबर लोण्यासारखं घासून जातं. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या मातीचं तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पुढं सहज जातं. डिसेंबरच्या सकाळी तीच माती गार असते. म्हणून हिवाळ्यात एक पायरी मऊ, उन्हाळ्यात एक पायरी टणक.

कंपन्यांची नावं सांगते, म्हणजे पाकिटावर काय वाचायचं ते कळेल. जेकन्सेप्ट्सकडं रंगांची भाषा आहे: ब्लू म्हणजे मऊ, ग्रीन म्हणजे आणखी मऊ, गोल्ड आणि सिल्व्हर ही क्लेसाठी, मुख्यतः छताखालच्या ट्रॅकसाठी बनवलेली रबरं. प्रो-लाइनकडं आकड्यांची: एम३ मऊ, एम४ त्याहून मऊ, आणि एमसी खास क्लेचं. एकेएकडंही क्ले नावाचं वेगळं रबर आहे. क्लेची ही खास रबरं घट्ट, धूळ नसलेल्या, लाइन बसलेल्या जमिनीवर मोठा फायदा देतात. धुळीत तो फायदा दिसत नाही, कारण रबर मातीला लागतच नाही, धुळीला लागतं.

म्हणून आमच्या ट्रॅकवर माझं उत्तर ठरलेलं आहे. सकाळच्या ओलीत आणि लाइन बसल्यावर क्लेचं रबर; ओलीत मध्यम पिना, लाइनवर बुटकी नक्षी. दुपारी फुफाटा सुटला की साधं मऊ रबर, मोकळ्या पिना.

आतला फोम

टायरच्या आत हवा भरलेली नसते, फोमचा गोल पट्टा असतो. त्याला इन्सर्ट म्हणतात. टायरसोबत फुकट येतो तो बहुधा ओपन सेल, म्हणजे साध्या स्पंजासारखा. तो मऊ असतो, खड्ड्यांवर बरा वाटतो, पण लवकर मरतो आणि पाणी शोषतो. पाणी शोषलेलं एक चाक जड झालं की गाडी थरथरायला लागते आणि माणूस शाफ्ट वाकला म्हणून शोधत बसतो. क्लोज्ड सेल फोम बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागतो; त्याच्यात बंद बुडबुडे असतात, पाणी शिरत नाही, आकार टिकतो. कडक गुळगुळीत जमिनीवर तोच वापरा. रिमवर बसवल्यावर इन्सर्ट टायरच्या आत सगळीकडं सारखा टेकला पाहिजे. एकीकडं दुमडलेला इन्सर्ट चिकटवून टाकला की तो टायर वाया.

वेगवान मोटर लावलेल्या गाडीत सरळ पट्ट्यावर टायर मधोमध फुगतो आणि जमिनीला फक्त मधली रेघ टेकते. याला उपाय म्हणून काही जण टायरच्या आतून धाग्याची मजबूत चिकटपट्टी गोल फिरवतात. साध्या मोटरला गरज नाही.

चिकटवणं

या कामावर मी मुद्दाम जास्त लिहिते, कारण चांगला टायर रिमवरून निसटला की शर्यत तिथंच संपते, आणि निसटतो तो बहुतेक वेळा घाईनं चिकटवल्यामुळं.

साच्यातून टायर सुटून यावा म्हणून कारखान्यात तेलकट थर लावलेला असतो. तो आधी काढायचा. भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात टायर आतून-बाहेरून धुवा, जुन्या टूथब्रशनं कडा घासा, सावलीत पूर्ण वाळवा. मग रिमच्या ज्या खाचेत टायरची कड बसते ती खाच बारीक पॉलिश पेपरनं हलकी खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानं पुसा. टायरची कडही पुसा. आता त्या जागेला बोट लावायचं नाही.

इन्सर्ट टायरमध्ये घाला, टायर रिमवर चढवा, आणि चारी बाजूंनी दाबून कड खाचेत नीट बसली का बघा. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. टायर हातात धरून फिरवा. डोलत असेल तर सोडवून पुन्हा बसवा. डिंक लागल्यावर काही करता येत नाही. नंतर पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपण ज्याला फेविक्विक म्हणतो त्या जातीचा डिंक, सुईसारख्या नळीनं घ्या. कड अंगठ्यानं थोडी मागं ओढा, एक थेंब सोडा, कड सोडा आणि दाबून धरा. पातळ डिंक आपोआप पसरतो. समोरासमोर असे चार थेंब आधी, म्हणजे टायर सरकत नाही. मग उरलेल्या जागा. एका बाजूला गोल रबरबँड चढवून ठेवा, वाळली की दुसरी बाजू.

हा डिंक हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. पावसाळ्यात तो झटकन धरतो, आणि उघडी बाटलीही तितक्याच लवकर आतल्या आत गोठते. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. सांडलेला डिंक कापसानं किंवा सुती हातमोज्यानं पुसू नका. सुती धाग्याशी याची क्रिया होऊन चटका बसेल एवढी उष्णता तयार होते. चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना जवळ बसवू नका.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक टायरची कड अंगठ्यानं सगळीकडून ओढून बघा. जिथं सुटेल तिथं एक थेंब.

हवेला ये-जा करायला भोकं लागतात, नाहीतर उडीवरून पडल्यावर टायर फुग्यासारखा उसळतो. बऱ्याच रिमना ती असतात. ओलसर ट्रॅकवर मी रिमची भोकं टेपनं बंद करते आणि टायरच्या मधोमध, पिनांच्या मध्ये, समोरासमोर दोन छोटी भोकं पंचनं पाडते. चाक फिरताना आत आलेलं पाणी तिथून बाहेर फेकलं जातं. रिमच्या भोकातून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते.

पळवण्याआधी आणि नंतर

नवीन टायरवर चकाकी असते. ती जाईपर्यंत टायर धरत नाही. शर्यतीच्या दिवशी नवाकोरा टायर लावून थेट उभं राहू नका, आदल्या दिवशी सरावात एक-दोन बॅटऱ्या संपेपर्यंत पळवा. कडक लाइनसाठी पिना थोड्या घासून बुटक्या केल्या तर टायर आणखी शांत चालतो. रिम हातड्रिलवर बसवून खरखरीत पेपर हलका धरायचा. याच कारणानं झिजलेले टायर फेकू नका. फुफाट्यासाठी बाद झालेला होल शॉट ब्लू ग्रूव्हवर छान चालतो. माझ्या डब्यात पिनांच्या उंचीप्रमाणं वेगवेगळ्या पिशव्या आहेत आणि प्रत्येकीवर तारीख नव्हे, उंची लिहिलेली आहे: पूर्ण, निम्मी, पाव.

रबर चिकट करणारी द्रव्यं मिळतात, त्यांना सगळे सॉस म्हणतात. टायर धुऊन, वाळवून, सॉस लावून थोडा वेळ ठेवतात आणि पळवण्याआधी पुसतात. लाइन बसलेल्या घट्ट जमिनीवर याचा फरक स्पष्ट जाणवतो. धुळीत लावू नका. चिकट टायरला धूळ लगडते आणि होती ती ग्रिपही जाते. शर्यतीचा नियम आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाही. हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत लावा, यातली बरीच द्रव्यं पेट्रोलच्या जातीची असतात.

ग्रिप इतकी वाढली की गाडी वळणात चाकांवर उभी राहून उलटायला लागली, तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर पातळ डिंकाचा एक हात फिरवा. ती कड टणक होते, जमिनीत रुतून बसत नाही आणि गाडी घसरते पण उलटत नाही. आमच्याकडं ही वेळ फक्त ओल्या सकाळी येते.

पळवून आणल्यावर गाडी बाजूला ठेवून बॅटरी चार्जिंगला लावायची घाई करू नका. टायर कोमट असतानाच उन्हात धरा आणि नीट बघा. मागच्या टायरच्या पिनांची एकच कड गोल झाली असेल तर चाक जागेवर फिरतंय. रबर टणक पडतंय किंवा रिमोटच्या ट्रिगरवरचं बोट जड आहे. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर रबर या जमिनीला टणक आहे. बारीक रबराच्या वळ्या निघून पिनांच्या बुडाशी साचल्या असतील तर जास्तच मऊ आहे, पुढच्या फेरीत घसरायला लागेल. पिनांच्या टोकावर मातीचा सारखा थर असेल आणि रबर कुठं दिसतच नसेल, तर तुम्ही पूर्ण वेळ धुळीवरच तरंगत होतात. उंच पिना लावा. फक्त आतली कड झिजली असेल तर टायरला दोष देऊ नका, कँबर जास्त आहे, चाकं वरून आत झुकलेली आहेत. ती थोडी सरळ करा. चारही टायर असे वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि पाकिटावरच्या जाहिरातीपेक्षा ती दोन मिनिटं जास्त सांगतात.

पाणी, साखर आणि मीठ

टायर बदलण्याऐवजी जमीनच बदलावी असं कुणालाही वाटेल. बाहेरच्या देशांत ट्रॅकवर साखरेचं पाणी मारतात, त्यानं चिकटपणा येतो. कॅल्शियम क्लोराइड नावाचं मीठही टाकतात. ते हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळं धूळ उडत नाही. आम्हाला दोन्ही करायला बऱ्याच जणांनी सुचवलं, साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात मळी तर सहज मिळते. मळीनं मुंग्या येतात, तो भाग सोडला तरी मीठ मी टाकू देणार नाही. एक तर बेअरिंग आणि स्क्रू गंजतात. आणि आपल्याकडं कृष्णाकाठी जास्त पाण्यानं क्षारपड झालेली रानं काय असतात ते मी रोज नमुन्यात बघते. ट्रॅकच्या बांधाला लागून भावाचा ऊस आहे. पावसात ते मीठ उतरून तिकडंच जाणार. गाडीच्या ग्रिपसाठी जमीन नासवायची नाही. पाणी, झाडू आणि योग्य टायर यांत भागतं.

काय घ्यायचं

आधी मापं. १/१० बग्गीला २.२ इंची रिम आणि १२ मिलिमीटरचा षटकोनी हब (ज्यावर रिम बसते तो भाग). १/८ बग्गीला १७ मिलिमीटरचा. शॉर्ट कोर्सची रिम वेगळीच असते, बग्गीचा टायर तिला बसत नाही. पलूसच्या त्या पोराला मी हे पहिल्यांदा सांगितलं, कारण त्यानं निवडून ठेवलेले पन्नासातले निम्मे टायर बग्गीचे होते.

पैसे मोजके असतील तर मागच्या टायरवर घाला. मध्यम पिनांची मऊ रबराची एक जोडी, हीच पहिली खरेदी. हंगामभर बरं चाललं की दुसरी जोडी बुटक्या नक्षीची, क्लेच्या रबराची. पुढं एकच पट्ट्यांची जोडी, मऊ रबराची. ती सगळीकडं चालते. तिसऱ्या प्रकारच्या मागच्या जोडीआधी एक जादा रिमचा संच घ्या, म्हणजे चिकटवलेले दोन संच तयार राहतात आणि दोन हीटच्या (फायनलआधीच्या फेऱ्यांच्या) मधल्या वेळात फक्त नट फिरवून काम होतं. चिकटवलेले टायर उकळत्या पाण्यात धरून सोडवता येतात, डिंक उष्णतेनं ढिला पडतो, पण शर्यतीच्या दिवशी ते करायला वेळ नसतो.

टायर पिशवीत बंद करून अंधारात ठेवा, उन्हात रबर टणक होतं. गाडी घरी ठेवताना खाली लाकडाचा ठोकळा लावून चाकं अधांतरी ठेवा, महिनाभर एकाच जागी उभ्या गाडीचा फोम खालून चपटा होतो. आणि फायनलच्या आधी, गाड्या रांगेत लावण्यापूर्वी, लाइन कुठून कुठं सरकली ते बघायला स्वतः एकदा ट्रॅकवर जा. दुपारच्या फायनलला ती सकाळच्या जागी नसते. आतल्या कडेला धूळ साचली असेल तर सगळे बाहेरून घेतात आणि रबर तिकडं बसलेलं असतं. पंजा दोन्हीकडं घासा. बाहेरची लाइन स्वच्छ लागली तर बुटकी नक्षी ठेवा. दोन्हीकडं हात माखला तर नट सोडा आणि उंच पिना चढवा.